सिरियलवाले जावई

माझ्या सासऱ्यांचा बरीच वर्षं असा समज होता की मी टीव्हीसाठी सिरियली लिहितो. यात त्यांचा काही दोष नाही. २००६ सालच्या जून महिन्यात एका शनिवारी सकाळी ते आमच्याकडे आले, तेव्हा मी संगणकापुढे डोकं धरून बसलो होतो. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "सिरियलायझेशन जमत नाहीये," मी म्हणालो. त्यांनी मोठ्या सहानुभूतीने मान हलवली, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "होतं असं. शंभर भाग झाले की गोष्टीत पाणी घालावंच लागतं."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात हिने चहा आणला आणि खुलासा राहून गेला. सासरे स्वभावाने मोकळे. मनात काही ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सारसबागेत फिरायला येणाऱ्या त्यांच्या मंडळात ही बातमी फुटली आणि आठवड्याभरात माझ्याकडे तीन कथानकं येऊन पोचली. तिन्हींत सून वाईट होती.

खरा प्रकार अगदी वेगळा होता आणि त्यात सून नव्हती, मावशी होत्या.

हिची एक मावशी सदाशिव पेठेत जेवणाचे डबे देत असे. हिची मावशी ती माझीही मावशीच. सुरुवात केली तेव्हा त्या स्वतः लुनावरून डबे पोचवत. पुढे व्याप वाढला, पोळ्यांना बायका आल्या, सायकलवरून डबे नेणारी चार पोरं आली आणि मी सांगतोय त्या वेळी आकडा एकशे त्रेचाळीसवर गेला होता. डबा देणं सोपं. कठीण असतं ते डब्याबरोबरचं पथ्य. 'पोळ्या तीन, पण बारक्या.' 'भात नको, ताक हवं.' 'सोमवारी लसूण नको.' 'साखर पूर्ण बंद, डॉक्टरांनी सांगितलंय.' आणि त्याच्याच खालच्या मजल्यावर, 'गोड चालेल, बायकोला सांगू नये.' हे सगळं एका तेलकट वहीत होतं. संगणकाचं चार अक्षरं ज्ञान असलेल्या जावयाला अशी वही बघवत नाही. २००४ साली मी ती संगणकावर चढवली. वही रद्दीत गेली, आणि ती मीच घातली, हे इथेच कबूल केलेलं बरं.

दोन वर्षांनी मावशींनी नवा संगणक घ्यायचं ठरवलं. जुना दिला तर दुकानदार आठशे रुपये कमी करणार होता. म्हणजे जुन्यातली माहिती नव्यात न्यायला हवी. जुनी फाईल तशीच उचलून नेता आली असती. पण मी त्या वर्षी नुकतंच डॉट नेट २.० शिकलो होतो, आणि नवं काही शिकलेल्या माणसाला सरळ रस्ता दिसत नाही.

आता सिरियलायझेशन म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि सांगितल्यावर तुम्ही पुढे याल याची खात्री नाही. तरी सांगतो. प्रोग्राम चालू असताना त्यातल्या वस्तू (आमच्यात त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात) संगणकाच्या स्मरणात नांदत असतात. नांदत असतात हाच शब्द बरोबर, कारण ते एकत्र कुटुंब असतं. एकीच्या पोटात दुसरीचा पत्ता, दुसरीच्या पोटात तिसरीचा. प्रोग्राम बंद झाला की कुटुंब नाहीसं. ते टिकवायचं असेल, किंवा दुसऱ्या यंत्रावर पाठवायचं असेल, तर सगळ्यांना सोडवून एका ओळीत उभं करावं लागतं, कारण फाईल म्हणा की तार म्हणा, तिच्यातून एका वेळी एकालाच जाता येतं. आमच्या वाड्याच्या जिन्यातून आजोबांचं सागवानी कपाट असंच खाली आलं होतं. आधी दारं, मग फळ्या, मग पाय, आणि खाली पोचल्यावर पुन्हा कपाट. ओळीत लावणं म्हणजे सिरियलायझेशन आणि खाली नेऊन कपाट उभं करणं म्हणजे डिसिरियलायझेशन. दुसऱ्याच्या वेळी दोन स्क्रू उरतात, ते आमच्याही धंद्यात उरतात.

पोटातले पत्ते मात्र तसेच पाठवून भागत नाही. 'भिकारदास मारुतीजवळ, पूर्वी पिठाची गिरणी होती तिच्यासमोर' हा पत्ता सदाशिव पेठेत बिनचूक आहे. नागपूरला जाऊन तो कितीही मोठ्याने वाचला तरी काही होत नाही.

आणि मी पाठवत होतो तो साधा ऑब्जेक्ट नव्हता, डिक्शनरी होती. नाव शब्दकोशाचं, काम कोठारघराचं. त्यात किल्ली आणि ऐवज अशा जोड्या असतात. किल्ली म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव, ऐवज म्हणजे त्याचं पथ्य. गंमत अशी की या जोड्या एकापुढे एक ठेवलेल्या नसतात. किल्लीवर काही गणित करून एक आकडा काढतात आणि त्या आकड्याच्या खणात ऐवज टाकतात. शोधताना पुन्हा तेच गणित, थेट तोच खण. एकशे त्रेचाळीस असोत की दीड लाख, शोधायला वेळ जवळजवळ तेवढाच. आमच्या घरात चष्मा शोधायला ही पद्धत का नाही, असं मला नेहमी वाटतं.

पण ते गणित दुसऱ्या यंत्रावर दुसरा आकडा देऊ शकतं. तेव्हा खणांसकट कपाट पाठवण्यात अर्थ नाही. जावा भाषेतला हॅशमॅप हे ओळखून आहे. तो आपले खण पाठवतच नाही. किती जोड्या आहेत ते आधी लिहितो, मग एकेक किल्ली आणि एकेक ऐवज, आणि पलीकडे पोचल्यावर प्रत्येक जोडी नव्याने गणित करून नव्या खणात बसवतो. घर बदलताना शहाण्या बायका हेच करतात.

शिवाय माझी डिक्शनरी जेनेरिक होती. पूर्वीच्या डॉट नेटमध्ये हॅशटेबल नावाचं कोठार होतं, त्यात कशातही काहीही मावायचं. बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी, मोहरीच्या डब्यात विम्याच्या पावत्या. २००५ च्या अखेरीस आलेल्या २.० मध्ये कोणत्या जातीची किल्ली आणि कोणत्या जातीचा ऐवज हे आधीच ठरवून टाकायची सोय झाली. मोहरी म्हटली की मोहरीच. पावती घालायला गेलात तर प्रोग्राम तयारच होत नाही. मला हा प्रकार इतका आवडला की मी मावशींच्या गिऱ्हाइकांसाठी अक्षरी किल्ली आणि अक्षरी ऐवज अशी डिक्शनरी ताबडतोब बांधली. तिची एकच अट होती, की एका किल्लीचे दोन मालक चालणार नाहीत. एकट्या सदाशिव पेठेत मावशींचे अकरा जोशी होते. दुसरा जोशी घालताक्षणी डिक्शनरीने 'ही किल्ली आधीच आहे' असं सांगून काम थांबवलं. मग मावशींनी मला 'जोशी जिना', 'जोशी कुत्रा', 'जोशी नवे', 'जोशी बाकी' अशी नावं लिहून दिली. 'बाकी' म्हणजे उरलेले नव्हेत. ज्यांच्याकडून येणं बाकी होतं ते.

तर त्या शनिवारी सकाळी मी ही डिक्शनरी एक्सएमएल सिरियलायझर नावाच्या यंत्रात घातली आणि त्याने ती बाहेर फेकली. डिक्शनरीच्या जातीचं काहीही मी घेत नाही, असा त्याचा स्पष्ट निरोप होता. मला अपमान वाटला. दोष माझा म्हणावा तर पुस्तकात बघितलं. अधिकृत कागदपत्रांत यंत्राच्या निर्मात्यांनी दोन कारणं दिली होती. एक, एक्सएमएलच्या नमुन्यांत अशा कोठाराला जुळणारा प्रकारच नाही. दुसरं कारण असं, की वेळ पुरला नाही. माझ्या सबंध विद्यार्थिदशेत हे दुसरं कारण मी प्रत्येक परीक्षेनंतर प्रामाणिकपणे दिलं होतं, आणि एकदाही ते कोणी छापलं नाही.

शब्दकोश सबंध गिळणारं दुसरं एक यंत्र तेव्हा होतं, बायनरी फॉर्मॅटर नावाचं. पण त्याची फाईल माणसाला वाचता येत नसे म्हणून मी ते टाळलं. पुढे कळलं की परक्याने दिलेली फाईल त्यातून उघडली तर फाईलबरोबर परक्याचा प्रोग्रामही आपल्या घरात चालू होऊ शकतो. शेवटी २०२४ सालच्या डॉट नेट ९ मध्ये त्याला घरी बसवलं. आयुष्यात मी जे काही चुकून बरोबर केलं त्याच्या यादीत हे वरच्या बाजूला आहे.

सासरे चहा पिऊन गेले आणि मला युक्ती सुचली. डिक्शनरी घेत नाहीस? नको घेऊस. मी तिच्यातल्या जोड्या काढतो आणि त्यांची एक साधी यादी करून देतो. जोडीसाठी तयार जात होतीच, की-व्हॅल्यू-पेअर नावाची. यादी बांधली, यंत्रात घातली. यंत्राने 'हूं' की 'चूं' केलं नाही. फाईल तयार. पडद्यावर माझ्याच प्रोग्रामने लिहिलं, 'एकशे त्रेचाळीस नोंदी जतन झाल्या.' फाईल अपेक्षेपेक्षा बरीच लहान झाली होती. त्याचं श्रेय मी स्वतःच्या कौशल्याला दिलं.

दुपारी फ्लॉपी खिशात घालून मावशींकडे गेलो. नव्या संगणकात फाईल घातली. 'एकशे त्रेचाळीस नोंदी वाचल्या.' मी खात्री म्हणून तीन वेळा वाचून पाहिली. तिन्ही वेळा एकशे त्रेचाळीस. मग जुन्या संगणकाची डिस्क स्वच्छ पुसून काढली, कारण दुसऱ्याच्या हाती वस्तू द्यायची ती स्वच्छ करून द्यावी असं माझ्या आईने मला शिकवलं आहे. दुकानदाराचा माणूस आला, संगणक घेऊन गेला आणि मी मावशींच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन विजयी मुद्रेने घरी आलो.

रविवारी डब्यांना सुट्टी. रविवारी रात्री आठच्या सुमारास सोमवारच्या चिठ्ठ्या छापायच्या, त्या डब्यांना चिकटवायच्या. सव्वाआठला फोन आला. मावशी कधी आवाज चढवत नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, नव्या मशीनला अक्षरओळख नाही का हो?"

जाऊन पाहतो तो टेबलावर चिठ्ठ्यांचा सुबक गठ्ठा. प्रत्येक चिठ्ठीला माझी महिरप. महिरपीत 'नाव' आणि पुढे काही नाही. खाली 'सूचना' आणि पुढे काही नाही. एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मी फाईल उघडली. काल ती उघडून बघायचं मला सुचलं नव्हतं. आत एकच शब्द, 'जोडी', ओळीखाली ओळ एकशे त्रेचाळीस वेळा, आणि प्रत्येक जोडीच्या पोटात काही नाही.

कारण नंतर समजलं. जे वाचता येतं आणि परत भरताही येतं तेवढंच हे यंत्र बांधून घेतं. माझ्या तयार जोडीची किल्ली आणि ऐवज नुसते वाचता येत होते. जोडी एकदा बांधली की बदलायची नाही, असा तिचा नियम. पलीकडे परत भरता येणार नाही ते इकडे बांधूच नये, असा यंत्राचा बाणा. दोघंही आपापल्या जागी थोर. मधल्या मध्ये माझे एकशे त्रेचाळीस डबे रिकामे गेले. बाणा असायला हरकत नाही, पण माणसाने तो बोलून दाखवावा. सकाळी डिक्शनरी तोंडावर फेकणारं आणि दुपारी रिकाम्या जोड्या गोड हसून बांधून देणारं यंत्र एकच. आमच्या लक्ष्मी रस्त्यावर 'नाहीये, पुढे बघा' म्हणणाऱ्या दुकानदारांना लोक उगाच नावं ठेवतात. त्यांच्याकडून रिकामा खोका घरी येत नाही.

हे त्या काळचं झालं, आता तसं नाही, असं कोणी समजू नये. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली मॅप नावाचं असंच किल्ली-ऐवजाचं कोठार आलं. ते आजही जेसनच्या नेहमीच्या यंत्रात सरळ घातलं तर बाहेर महिरपी कंसांची एक रिकामी जोडी येते. तक्रार नाही, काही नाही. पायथनमध्ये आकड्याची किल्ली जेसनमधून जाऊन आली की अक्षरांची होते. एक नावाचा माणूस पुण्याहून निघतो आणि परत येतो तो 'एक' असं लिहिलेली पाटी होऊन. त्याला हाक मारली तर ओ देत नाही. डॉट नेटचं नवं जेसन यंत्र २०१९ साली आलं, त्यालाही आधी फक्त अक्षरी किल्ल्या चालायच्या. आकड्यांची सोय पुढच्या वर्षी झाली. बहुधा त्यांनाही वेळ पुरला नसावा.

"अहो, पण म्हणजे नेमकं काय राहिलं?" हिने विचारलं.

"संख्या," मी म्हणालो.

दुकान बंद होतं, आणि उघडं असतं तरी डिस्क मीच पुसली होती. नऊच्या आत सासू-सासरेही येऊन पोचले. मावशींकडे काही झालं की सासूबाईंना आपोआप कळतं, त्याला अजून कोणी यंत्र शोधलेलं नाही. मी कोरे कागद घेतले आणि म्हणालो, "मावशी, सांगा. 'अ'पासून सुरू करू. अभ्यंकर?"

मावशी गप्प. "आपटे?" मावशी गप्पच. मला घाम फुटला. मग त्या म्हणाल्या, "नावाने नाही मला सांगता यायचं. रस्त्याने विचारा."

आणि त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात लुना काढली असावी. "भिकारदास मारुतीपासून निघू. डावीकडे पहिला वाडा, खालच्या खोलीत कुलकर्णी, पोळ्या चार, भाजीत गूळ नको. त्यांच्या डोक्यावर दोघं भाऊ. पुढे जोशी जिना. त्यांना डबा खालीच कडीला अडकवायचा, जिना चढलं की बोलत बसतात." सासऱ्यांनी लेखणी माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली. त्यांना वाटलं, जावई कथानकासाठी माल गोळा करतोय. "चांगलं आहे," ते माझ्या कानात म्हणाले, "प्रत्येक गिऱ्हाईक एक भाग."

डिक्शनरीला कुठलंही नाव विचारा, ती थेट खण उघडते, पण शेजारी कोण आहे ते तिला ठाऊक नसतं. मावशींचं बरोबर उलटं. त्या साक्षात एक ओळ होत्या. एक बोळ झाला की दुसरा, एक जिना झाला की पुढचा. मधूनच हिने "आणि चिमण्या गणपतीपाशी ते काका आहेत, त्यांचं काय?" असं विचारलं. झालं! मावशींनी डोळे उघडले, लुना बंद पडली आणि त्यांना पुन्हा मागच्या वळणापासून निघावं लागलं. त्यानंतर सव्वादहाला फोन वाजला तेव्हा तो सासूबाईंनी उशीखाली घातला.

एकच ठिकाण अवघड गेलं. ते दोघं भाऊ. "थोरल्याचं पथ्य काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"धाकट्यासारखंच."

"आणि धाकट्याचं?"

"थोरल्यासारखंच की, भावजी."

हा प्रकार संगणकातही होतो. पहिल्याचा पत्ता दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा पहिल्याकडे, आणि ओळीत लावणारं यंत्र बिचारं गोल फिरत राहतं. म्हणून एक्सएमएल सिरियलायझर असं वर्तुळ दिसलं की काम थांबवून तसं सांगतो. सासरे थांबले नाहीत. त्यांनी खरोखरच 'धाकट्यासारखं' आणि त्याच्याखाली 'थोरल्यासारखं' असं लिहून ठेवलं. शेवटी पहाटे पोळ्यांना येणाऱ्या बाईंना विचारायचं ठरलं.

रात्री साडेबाराला मावशी शनिपाराला वळसा घालून घरी परत आल्या आणि त्यांनी डोळे उघडले. मी मोजलं. एकशे बेचाळीस.

सासऱ्यांनी मोजलं. एकशे बेचाळीस. हिने दोघांवर विश्वास न ठेवता मोजलं. तेवढेच.

"एखादा बंद झाला असेल," सासूबाई जांभई देत म्हणाल्या. मलाही मनापासून तसंच वाटायला लागलं होतं. अंथरूण दिसत होतं. पण मावशी म्हणाल्या, "शनिवारी तुम्हीच तीनदा मोजलेत ना?" मोजले होते. त्या फाईलमध्ये नाव नव्हतं, पत्ता नव्हता, पथ्य नव्हतं. तिला येत होती ती तेवढी एकच गोष्ट, आणि ती ती ठासून सांगत होती. मावशींनी पुन्हा डोळे मिटून भिकारदास मारुतीपासून लुना काढली. दीड वाजता पुन्हा एकशे बेचाळीस आले.

"कोण असेल?" मी विचारलं.

"कोण ते नाही आठवत," मावशी म्हणाल्या, "पण जपायचा आहे, एवढं मनात आहे." आणि त्या दिवा बंद करायला उठल्या. परत जाताना रिक्षात आम्ही कोणीच फारसं बोललो नाही. साखर पूर्ण बंद असलेले मावशींचे पाच जण होते. ते पाचही यादीत आहेत ना, हे मी रस्त्यावरच्या दिव्याखाली दोनदा तपासून बघितलं. सापडले पाचही. मग हा सहावा कोण?

सव्वापाचला फोन वाजला. मी उशाशीच घेऊन झोपलो होतो. झोपलो होतो असं म्हणायचं.

"जावईबापू, सापडला," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा कापत होता, आणि मागून खरपूस वास फोनमधूनही यावा असा परतल्याचा आवाज येत होता. "आज भरली वांगी आहेत. दाणे भाजायला घेतले आणि हात थांबला. तो लातूरकडचा पोरगा हो! इंजिनिअरिंगचा. त्याला दाणे चालत नाहीत."

मला आठवलं. ही नोंद मीच केली होती. जानेवारीत त्या पोराने कुठेतरी दाण्याची चटणी खाल्ली, ओठ सुजले, घसा बंद व्हायला लागला आणि मित्रांनी रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा मावशींना फोन आला होता. मावशींनी मला त्याच्या सूचनेपुढे तीन उद्गारचिन्हं घालायला लावली होती. ती तिन्ही उद्गारचिन्हं शनिवारी मी यंत्राच्या तोंडात घातली आणि वरून खिचडी खाल्ली.

"पण मग रात्री दोनदा फिरून सापडला कसा नाही?" मी विचारलं.

"रस्त्यावर कसा सापडेल? तो कुठल्याच रस्त्यावर नाही. पोचवायचे पन्नास रुपये वाचावे म्हणून तो आपला आपण दारात येऊन डबा नेतो."

त्या दिवशी मी रजा टाकली. पुढच्या आठ दिवसांत स्वतःची जोडी बनवली, जिची किल्ली आणि ऐवज वाचताही येतात आणि भरताही. फाईल लिहिली, परत वाचली, आणि मूळ डिक्शनरीशी एकेक नाव, एकेक अक्षर ताडून पाहिलं. मग तीच फाईल छापून मावशींनी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉट नेट ३.० आलं. त्यात डिक्शनरी विनातक्रार आणि किल्ली-ऐवजासकट ओळीत लावणारं नवं यंत्र तयारच होतं. मी ते मावशींना सांगितलं नाही.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी साडेअकराला मी मावशींच्या दारात उभा होतो. एकशे बेचाळीस डबे सायकलींवरून गेले होते आणि ओट्यावर एक राहिला होता. त्यातली वांगी मावशींनी वेगळ्या कढईत, नुसतं खोबरं घालून केली होती, आणि पळीसुद्धा वेगळी घेतली होती. पोरगा आला. किडकिडीत, पाठीला दप्तर, छत्री नाही. डबा हातात घेऊन त्याने वरची चिठ्ठी पाहिली. मावशींनी ती स्वतःच्या हाताने स्केचपेनने लिहिली होती. नावाच्या जागी लिहिलं होतं 'दारातला' आणि सूचनेच्या जागी नुसती तीन उद्गारचिन्हं.

"मावशी, मशीन बिघडलं का?" त्याने विचारलं.

"नाही रे. जावयांना जरा काम होतं," मावशी म्हणाल्या. "तुझं नाव काय ते सांग बघू एकदा. मला अजून ठाऊक नाही."

त्याने सांगितलं. मी ते एकशे त्रेचाळिसावं म्हणून कागदावर लिहून घेतलं, आणि घरी पोचतो तोच सासऱ्यांचा फोन.

"काय, झाली का पुरी सिरियल?"

"झाली," मी म्हणालो.

"शेवट गोड केलात ना?"

"केला. फक्त दाण्याचं कूट घातलं नाही."